सातव्या सेमला एक्स्चेंज की बीई संपवून मास्टर्स? २० तारखेच्या आत कॉलेजला कळवायचंय

कोयनाकाठ

नमस्कार. मी पुण्यात एका ऑटोनॉमस इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे, गाव कराडच्या पुढं. सीजीपीए ७.८, एकही बॅक नाही. बाहेर शिकायचं हे अकरावीपासून डोक्यात आहे पण नक्की कसं जायचं यावरच सगळं अडलंय म्हणून इथं विचारतेय, जरा मोठं होईल.

आमच्या कॉलेजचे दोन करार आहेत, एक जर्मनीतल्या होखशूलशी (तिकडचं विद्यापीठच) आणि एक फ्रान्समधल्या इंजिनिअरिंग स्कूलशी. सातवं सेम तिकडे करायचं, तिकडची ट्यूशन फी माफ, आपल्या कॉलेजची फी नेहमीसारखी भरायची, विमान राहणं जेवण विमा सगळं आपलं. दोन्हीकडे मिळून चार जागा आहेत आणि नाव २० फेब्रुवारीच्या आत द्यायचंय. सगळे सीनियर म्हणतात जर्मनीच घे, मेकॅनिकलवाल्याने दुसरीकडे कशाला बघायचं. रूममेट म्हणते एक्स्चेंज म्हणजे पाच महिन्यांची सहल, त्यापेक्षा बीई संपव, मास्टर्सला जा, खरी डिग्री तरी मिळेल. आणि परवा एका कन्सल्टन्सीत जाऊन आले तर ते म्हणाले आमच्याकडून उन्हाळ्यात तीन आठवड्यांची समर स्कूल कर, ३ लाख ६० हजार, सर्टिफिकेट मिळतं आणि पुढे मास्टर्सची ॲडमिशन पक्की.

घरची परिस्थिती सांगते म्हणजे अंदाज येईल. पप्पांची सव्वादोन एकर उसाची शेती, आई अंगणवाडी सेविका, लहान भाऊ बारावीला. पप्पा म्हणतात कराडचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे, लागला तर तारण ठेवू, तू मागं बघू नकोस. ते असं म्हणाले की मला रात्रभर झोप लागत नाही, कारण तो प्लॉट त्यांनी पंधरा वर्षं साठवून घेतलाय. शिवाय प्लेसमेंट सातव्या सेमलाच असतं म्हणजे एक्स्चेंजला गेले तर ते हातचं जाणार का हेही कळत नाही. ज्यांनी यातलं काही स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा, रविवारी घरी जाणार आहे तेव्हा पप्पांशी बोलायचंय.

दोन_सेमच्या_मधे

तू जे विचारतेयस ते मी केलंय, जर्मनी, सातवं सेम, मेकॅनिकलच. त्यामुळे सविस्तर लिहितो.

देश कुठला ते राहू दे बाजूला, आधी दोन्हीकडची कॅलेंडरं काढ. जर्मनीचं विंटर सेमिस्टर बहुतेक ठिकाणी कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं, तासिका ऑक्टोबरात चालू होतात आणि परीक्षा जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. समर सेमिस्टर एप्रिलपासून, तासिका जुलैपर्यंत. आता आपलं बघ, सातवं सेम जुलै ते नोव्हेंबर, आठवं जानेवारी ते मे. म्हणजे जर्मनीचं एक सेम आपल्या दोन सेमच्या बरोब्बर मधे बसतं, कुठलंही घे. मी जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर पुण्यात रिकामा बसलो, ऑक्टोबरला गेलो, आणि शेवटचा पेपर तिकडे १२ फेब्रुवारीला दिला तेव्हा इथं आठव्या सेमचे सहा आठवडे होऊन गेलेले. प्रोजेक्ट ग्रुपमधल्या तिघांनी माझ्या वाटचं काम ओढलं, एक इंटर्नल बुडाली, ॲटेंडन्ससाठी एचओडींकडे चार वेळा अर्ज. तिकडची मार्कशीट एप्रिलमध्ये आली तोपर्यंत आमच्या परीक्षा विभागात माझं सातवं सेम रिकामं दिसत होतं, आणि ज्या कंपनीत सिलेक्ट झालो ती सगळ्या सेमच्या मार्कशीट मागत होती. शेवटी सगळं झालं पण ते दोन महिने मी कुणावर वेळ येऊ नये असे काढलेत.

दुसरं क्रेडिट. नाव देण्याआधी तिकडच्या इंग्लिशमधून शिकवल्या जाणाऱ्या विषयांची यादी माग, वेबसाइटवर अख्खा कॅटलॉग दिसतो पण त्यातले निम्म्याहून जास्त विषय जर्मनमधून असतात. मला हीट ट्रान्सफर करायचं होतं, ते जर्मनमध्येच होतं, गेल्यावर पहिल्या आठवड्यात लर्निंग ॲग्रीमेंट, म्हणजे तिकडे कुठले विषय घेणार याचा दोन्ही कॉलेजांनी मंजूर केलेला कागद, बदलावं लागलं आणि इथं परत मंजुरीसाठी मेलामेली. युरोपात एका सेमचे ३० ईसीटीएस, म्हणजे तिकडचे क्रेडिट, धरतात, आपल्याकडे सेमला वीसबावीस क्रेडिट, तर आपल्या कुठल्या विषयासमोर त्यांचा कुठला विषय लागणार हे डीनच्या सहीने कागदावर पाहिजे. तोंडी ‘होऊन जाईल’ वर जाऊ नकोस. तू ऑटोनॉमस कॉलेजला आहेस हे तुझं नशीब, विद्यापीठाच्या परीक्षा देणाऱ्या साध्या संलग्न कॉलेजातल्या माझ्या मित्राला क्रेडिटच धरले नाहीत, परत येऊन त्याने तेच सेम पुन्हा दिलं.

पण सहल म्हणणाऱ्या तुझ्या रूममेटचं मला पटत नाही. मशीन डिझाइनचा तिकडचा प्रोजेक्ट मी कधी विसरणार नाही, पाच जणांचा ग्रुप, दर मंगळवारी प्रोफेसरसमोर उभं राहून हा फिलेट रेडियस एवढाच का घेतलास याचं उत्तर द्यायचं, पुस्तकात आहे म्हणून हे उत्तर चालत नाही. तीन वर्षांत मला तसं कुणी विचारलं नव्हतं. आज मी जे काम करतो ते त्या मंगळवारांमुळे करतो.

ल्योंहून_परत

मी नाशिकची, फ्रान्सला एक सेम करून आलेय. वरच्या दादांनी कॅलेंडरचं सांगितलं ते वाचून लगेच लिहितेय, कारण फ्रान्सचं सेम सप्टेंबरला चालू होतं आणि डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत आटपतं. माझा शेवटचा पेपर १४ जानेवारीला झाला, १९ला मी कॉलेजात हजर. आठव्या सेमचा एक आठवडा गेला फक्त. सगळे जर्मनी जर्मनी करतात म्हणून आमच्या बॅचला फ्रान्सची एक जागा रिकामी पडलेली, ती मला मिळाली.

पैशाचंही बघ. जर्मनीच्या व्हिसाला महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात, सहा महिन्यांचे ५,९५२. फ्रान्सला स्टुडंट व्हिसासाठी महिन्याला ६१५ युरो, पाच महिन्यांचे ३,०७५. हे दाखवायचे पैसे झाले, खर्च शहरावर. माझं विमान, हॉस्टेल, खाणंपिणं सगळं मिळून साडेचार लाखाच्या आत झालं, पण पॅरिसला असते तर नसतं झालं. खोली मात्र स्कूलच्या इंटरनॅशनल ऑफिसकडूनच माग आणि मेलला उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत मेल कर, लाजू नकोस. भाषेचा त्रास आहे, खोटं कशाला सांगू, क्लास इंग्लिशमध्ये झाले पण बँकेत, दवाखान्यात, हॉस्टेलच्या ऑफिसात फ्रेंचच, पहिला महिना मी रोज रडवेली व्हायचे. तीन महिने आधीपासून रोज अर्धा तास जरी फ्रेंच केलंस तरी फरक पडेल.

आणि एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती. फ्रान्समध्ये मार्क २० पैकी असतात, १०ला पास, आणि १४ म्हणजे तिकडे खूपच चांगलं, १६ वर्गात एखाद्यालाच. मला एका विषयात १३ पडले, प्रोफेसरने शाबासकी दिली, आणि आमच्या परीक्षा विभागाने सरळ १३ भागिले २० करून ६५ टक्के लावले. सीजीपीए घसरला. पुढे मास्टर्सला जायचं असेल तर त्या पॉइंट एकदोननेही फरक पडतो. म्हणून मार्क कसे बदलणार याचा तक्ता आधीच माग, आणि तक्ताच नसेल तर क्रेडिट घ्या पण मार्क सीजीपीएत धरू नका अशी विनंती आत्ताच लेखी दे, गेल्यावर कुणी ऐकत नाही.

माग्डेबुर्ग_मुक्कामी

मी मास्टर्सची बाजू सांगतो, दुसरं वर्ष चालू आहे इथं. मूळचा लातूरचा, बीई पुण्यात.

आधी ती कन्सल्टन्सी. ३ लाख ६० हजार देऊ नकोस, हात जोडून सांगतो. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठाची ॲडमिशन कुठलाही एजंट पक्की करू शकत नाही, ती विद्यापीठं एजंटला कमिशन देत नाहीत. कमिशन देतात ती काही खासगी विद्यापीठं, वर्षाला दहाबारा हजार युरो फीवाली, आणि शेवटी तुला तिथंच ढकलतील. तीन आठवड्यांच्या सर्टिफिकेटकडे ॲडमिशन कमिटी बघतही नाही. त्या पैशात तुझ्या एक्स्चेंजच्या सेमचा बराचसा खर्च निघतोय.

आता ॲडमिशन कशी होते. तुझे मार्क जर्मन श्रेणीत बदलतात, तिथं १ सर्वात चांगलं आणि ४ म्हणजे काठावर पास. सूत्र सोपं आहे, जास्तीत जास्त गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला जास्तीत जास्त वजा पासिंगने भाग, तीनने गुण, त्यात एक मिळव. तुझं ७.८, पासिंग ४ धरलं तर २.१ येतं. पण तुझ्या कॉलेजचं पासिंग ५ असेल तर तेच २.३२ होतं, म्हणून मार्कशीटच्या मागे पासिंग काय छापलंय ते आजच बघ. बऱ्याच कोर्सना २.५ पर्यंत चालतं म्हणजे तू रांगेत आहेस, पण चांगल्या ठिकाणी कट ऑफ याहून कडक असतो. अर्ज करताना तुझ्या बीईत कुठल्या विषयाला किती क्रेडिट होते हे तपासतात, गणित कमी पडलं म्हणून माझा एक अर्ज परत आलेला.

खर्च. सरकारी विद्यापीठात ट्यूशन फी बहुतेक ठिकाणी नाही, फक्त सेमिस्टरचं योगदान भरायचं. पण बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरुहं वगैरे, युरोपाबाहेरच्यांना २०१७ पासून सेमला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या टीयूने २०२४-२५ च्या विंटरपासून मास्टर्सला सेममागे ४,००० ते ६,००० लावलेत. जर्मनी फुकट असं घरी सांगू नकोस. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, त्याचे १८,००० रुपये. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात, युरो शंभर रुपयांनी धरला तरी बारा लाख झाले, आणि युरो सध्या शंभरच्या वरच असतो. ते पैसे तुझेच, महिन्याला ९९२ परत मिळतात, पण एकदम उभे करायचे असतात, बापाची झोप उडते ती तिथं. माझी स्टुडंट हॉस्टेलची खोली २९० युरो, विमा १४५च्या आसपास, जेवण मी घरीच करतो, मिळून साडेसातशेत बसतं. म्युनिकला असतो तर नुसत्या खोलीलाच त्यातले बरेचसे गेले असते.

काम करता येतं, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे, किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो. पण पहिल्या सेमला कामाच्या भरवशावर येऊ नकोस. माझ्याबरोबर आलेल्या एकाने गोदामात रात्रपाळी केली, सकाळी वर्गात झोपायचा. इथं बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच प्रयत्न असतात, तिसऱ्यांदा नापास झालास तर नुसता विषय जात नाही, नाव कमी होतं आणि त्याच शाखेला जर्मनीत दुसरीकडेही दार बंद. तो मुलगा आता परत गेलाय, बारा लाख आणि दीडेक वर्ष घालवून. हुशार होता तो, खरंच हुशार होता.

मास्टर्स झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पण इथं वाहन उद्योगात सध्या माणसं कमी करणं चालू आहे, आणि इंग्लिशवर नोकरी मिळेल हे आयटीत कदाचित होत असेल, मेकॅनिकलला बी१ बी२ पातळीचं जर्मन लागतंच. बीईत असतानाच भाषा कर, इथं येऊन अभ्यास आणि भाषा दोन्ही ओढताना दमछाक होते. पुण्यात तर मॅक्समुलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, मी चार वर्षं फर्ग्युसन रोडने रानडेवरून रोज गेलो आणि एकदाही आत गेलो नाही याचं आता फार वाईट वाटतं.

चाकण_शिफ्ट_बी

मला दोन्ही पटत नाही. आधी दोन वर्षं नोकरी कर. फोक्सवॅगन, मर्सिडीज दोघांचे कारखाने चाकणला आहेत, त्यांना पार्ट देणाऱ्या कंपन्या तर गल्लोगल्ली. दोन वर्षांत सहासात लाख साठतात, घरावर बोजा नाही, आणि मास्टर्सला गेल्यावर कुठल्या विषयात करायचं हे कळलेलं असतं. मी टेस्टिंगला लागल्यावर कळलं की मला डिझाइन नाही तर मटेरियल आवडतं, बीई संपून लगेच गेलो असतो तर चुकीच्या कोर्सला बसलो असतो. पुढच्या वर्षी निघतोय. मुलींना घरचे दोन वर्षांनी सोडतील का हा प्रश्न वेगळा आहे, तो तुझ्या घरचा, त्यावर मी बोलत नाही.

कोयनाकाठ

खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. मार्कशीट बघितली, पासिंग ४ आहे. कॅलेंडरचं ऐकून आज इंटरनॅशनल सेलच्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या हो, जर्मनीला गेलेली मुलं फेब्रुवारीअखेर परत येतात. हे माहितीपत्रकात कुठंच लिहिलेलं नाही. लग्नाचा विषय घरी अजून कुणी काढलेला नाही, पण शेजारच्या काकू काढतात, आणि पप्पा त्यांना म्हणतात ती शिकतेय. दोन वर्षांनी काय म्हणतील माहीत नाही, आत्ता तरी ते माझ्या बाजूने आहेत. प्लॉटचं कुणी सांगेल का, तारण ठेवायचा म्हणजे नक्की काय होतं?

जुना_शाखाधिकारी

बाळ, मी सरकारी बँकेतून निवृत्त झालो, शैक्षणिक कर्जं बरीच केली. तुझ्या वडिलांना हे वाचून दाखव.

साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका साधारणपणे तारण मागत नाहीत, चार लाखांच्या वर जामीनदार घेतात. त्याच्या पुढे तारण. शेतजमीन चालत नाही, लोक सातबारा घेऊन येतात आणि हिरमुसले होऊन जातात, मला फार वाईट वाटायचं. प्लॉट चालतो, पण एनए, म्हणजे बिगरशेती झालेला हवा. दोन गुंठे म्हणतेस तेव्हा मला शंका येते, तो गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला तर नाही ना? नियमित झालेला नसेल तर बँकेचे वकील मालकीचे कागद तपासून सर्च रिपोर्ट देताना अडवतात. एनए ऑर्डर, मंजूर लेआउट, खरेदीखत हे तिन्ही कागद आहेत का ते रविवारी पेटीतून काढून बघा, मग पुढचं बोला. आणि तारण ठेवणं म्हणजे विकणं नव्हे, कागद बँकेकडे राहतात, हप्ते फिटले की परत मिळतात. पण हप्ते थकले तर जातो, हेही त्यांना स्पष्ट सांग.

शेतकरी कुटुंबाची एक अडचण अशी की शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून रिटर्न भरलेले नसतात, आणि बँक सहकर्जदाराचे रिटर्न मागते. कारखान्याची उसाच्या बिलाची दोनतीन वर्षांची स्टेटमेंटं आणि आईच्या मानधनाचं पासबुक व्यवस्थित जमा करून ठेवा. कोर्स संपून एक वर्षापर्यंत हप्ता नसतो, पण व्याज चालू असतं, त्या काळात ते सरळ व्याज असतं. जमेल तसं महिन्याला दोन हजार जरी व्याजापोटी भरत गेलात तरी शेवटी बरंच हलकं होतं. खासगी वित्तसंस्था पटकन कर्ज देतात, मात्र त्यातल्या काही शिकतानाच व्याज वसूल करतात, सही करण्याआधी विचारा. कर्जातून बाहेर पाठवलेल्या फीवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक कापून घेते तो कर, लागत नाही, एजंट काही सांगत असेल तर ऐकू नका.

एका सेमच्या एक्स्चेंजला मात्र बँक सहसा उत्साह दाखवत नाही, कारण तिकडची डिग्री नाही. ते पैसे घरातूनच उभे करावे लागतील असं धरून चाला. माझं मत विचारशील तर एका सेमसाठी प्लॉटला हात लावू नये.

निळी_शाई

कुणीच स्कॉलरशिपचं लिहिलं नाही म्हणून लिहितेय. तू कुठल्या प्रवर्गातली ते विचारत नाही, यादी दिली की तूच बघशील. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा कुणबी समाजासाठी राज्य सरकारच्याच सारथी संस्थेमार्फत आहे, इतर मागास आणि खुल्या प्रवर्गासाठी त्या त्या विभागाच्या आहेत, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे. पण या पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत, एका सेमला मिळत नाहीत, आणि विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत ठरावीक नंबराच्या आत लागतं, त्यामुळे विद्यापीठ निवडतानाच ती यादी शेजारी ठेव. युरोपियन युनियनच्या इरास्मस मुंडूसचा जॉइंट मास्टर्स सगळ्यांसाठी खुला आहे, दोनतीन देशांत शिकवतात, निवड झाली तर महिन्याला १,४०० युरो आणि फीही नाही. फायनल इयरच्या दिवाळीपासून त्याचे अर्ज सुटायला लागतात.

मी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर इंग्लंडला मास्टर्स करून आले, माझे वडील गवंडी. पहिला हप्ता उशिरा आला तेव्हा दोन महिने मैत्रिणीने सांभाळलं, म्हणून सांगते स्कॉलरशिप मिळाली तरी दोनतीन महिन्यांचे पैसे वेगळे ठेव. आणि मुदत आणि करार ओळ न ओळ वाच. बाबासाहेब १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, त्या बदल्यात दहा वर्षं संस्थानात नोकरी करायचा करार होता. पुढे लंडनला सुरू केलेला अभ्यास अर्धा असताना मुदत संपली म्हणून १९१७ ला त्यांना परत यावं लागलं. १९२० ला स्वतः पैसे साठवून, उसने घेऊन ते पुन्हा गेले आणि १९२३ ला डीएस्सी पूर्ण केली. मी लायब्ररीत बसून हे किती वेळा आठवलंय. तुझ्या पप्पांना सांग की मुलगी एकदा गेली आणि परत आली म्हणजे संपलं असं नसतं, दुसऱ्यांदाही जाता येतं.

दोन_सेमच्या_मधे

प्लेसमेंटचं राहिलं. बऱ्याच कंपन्या जुलै ऑगस्टलाच येतात, फ्रान्सला तुला ऑगस्टअखेर निघायचंय म्हणजे पहिले सहासात आठवडे तू पुण्यातच आहेस. प्लेसमेंट सेलला आत्ताच लेखी विचार की एक्स्चेंजला गेलेल्यांना ऑनलाइन इंटरव्ह्यू देता येईल का. आम्हाला दिले होते, माझा एक पहाटे पाचला झाला.

कोयनाकाठ

रविवारी घरी जाऊन आले. पेटी काढली. काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला, प्लॉट गुंठेवारीतलाच आहे, नियमित केलेला नाही. पप्पा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मी एक एक करून सगळ्यांचं वाचून दाखवलं, गोदामातल्या मुलाचं वाचताना आईने दोनदा थांबवलं. बाबासाहेबांचं वाचल्यावर पप्पा म्हणाले परत वाच.

ठरलं ते असं. प्लॉटला हात लावायचा नाही. फ्रान्सला नाव द्यायचं. आमच्याकडे यंदाचं उसाचं बिल आणि आईची भिशी मिळून पावणेतीन लाख होतात, बाकी मामा देतोय, त्याला बीई झाल्यावर पगारातून फेडायचं मी कागदावर लिहून दिलंय, तो नको म्हणत होता तरी. परत आल्यावर नोकरी, दोन वर्षं, आणि त्यात जर्मन बी१. मग इरास्मस आणि बाकीच्या स्कॉलरशिपचे अर्ज. चाकणवाले दादा, तुमचं अर्धं ऐकलंय.

सोमवारी डीनसरांकडे गेले. पाच विषयांपैकी चारांना समोरचा विषय मिळाला, सह्या झाल्या. पाचवा ऑपरेशन्स रिसर्च, तो तिकडे नाही, तो मला आठव्या सेमबरोबर इथं द्यावा लागेल. मार्कांच्या तक्त्याचं विचारलं तर परीक्षा विभागात तसा तक्ताच नव्हता, मग सर म्हणाले तूच अर्ज कर, ॲकॅडमिक कौन्सिलपुढे ठेवतो. तो अर्ज आज लिहायचाय. ल्योंवाल्या ताई, तुमची २० पैकीची मार्कशीट, नाव झाकून, मला जोडायला मिळेल का? एखादं खरं उदाहरण दिसलं तर कौन्सिलला पटकन कळेल असं सर म्हणाले. आणि पासपोर्टची मुंढव्याची अपॉइंटमेंट गुरुवारची मिळालीय, आईचं नाव आधारवर आणि माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर वेगळं आहे, त्याचं काय करायचं कुणाला माहीत असेल तर आजच सांगा.

ल्योंहून_परत

मार्कशीट रात्री पाठवते, मेसेजमध्ये मेल आयडी दे. आईच्या नावाचं माझंही असंच होतं, आईचं आधार दुरुस्त करून घेतलं दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे, तोपर्यंत अपॉइंटमेंट पुढे ढकलता येते, ऑनलाइनच होते. घाई करून गुरुवारी जाऊ नकोस.